खाली दुकान, वर घर, मध्ये आर्किटेक्ट

खाली गाळे आणि वर बिऱ्हाडं, ही रचना कुणा आर्किटेक्टच्या डोक्यातून निघालेली नाही. प्राचीन रोमच्या बहुमजली ‘इन्सुला’ इमारतींत हेच होतं. आज ‘मिक्स्ड-यूज’ म्हणून मिरवलं जातं ते शहराचं जुनंच वळण आहे. नवल वाटावं ते याचं, की हे वापर एकदा वेगळे झाले आणि त्यांना पुन्हा एका छपराखाली आणणं हे खास जाणकाराचं काम होऊन बसलं.

गोष्ट लिफ्टपासून सुरू होते. जिने चढावे लागत तोवर वरच्या मजल्याला भाडं कमी येई. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात ऑटिसची प्रवासी लिफ्ट बसली. पुढे लिफ्टा रुळल्या तसं हे गणित उलटत गेलं. १८७१ च्या आगीनंतर शिकागो नव्याने उभं राहिलं आणि १८८५ मध्ये आर्किटेक्ट विल्यम जेनी यांची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग तिथे पुरी झाली. तिचं बरंचसं वजन धातूच्या सांगाड्यावर होतं. भिंती पातळ झाल्या, भाड्याने देण्याजोगी जागा वाढली. आर्किटेक्टच्या कौशल्याला चौरस फुटांचं माप लागलं ते याच सुमारास.

मग कायदा आला. १९१६ मध्ये न्यूयॉर्कने झोनिंग, म्हणजे शहराच्या कोणत्या भागात काय चालेल याचे नियम, लागू केले, १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगचं तत्त्व मान्य केलं. राहणं एकीकडे, धंदा दुसरीकडे. माझ्या मते आर्किटेक्टांचीही वाटणी इथेच पक्की झाली: कुणी फक्त ऑफिसं करणारा, कुणी फक्त घरं.

आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएन यांना ही फाळणी मान्य नव्हती. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं साउथडेल हे खरेदी-केंद्र त्यांनी घरं, शाळा, दवाखान्यासकट कल्पिलं होतं. १९५६ मध्ये उघडला तो मात्र नुसता मॉल, भोवती पार्किंगचं मैदान. अटलांटाचे आर्किटेक्ट जॉन पोर्टमन यांनी वेगळी वाट धरली. आपल्या प्रकल्पांचे डेव्हलपर ते स्वतःच झाले. आर्किटेक्टने असं करणं तेव्हा पेशाला शोभणारं मानत नसत.

जॉन हॅनकॉक सेंटर मात्र नीट पाहावं. शिकागोतली ही शंभर मजली इमारत १९६९ ची, आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम आणि इंजिनियर फजलुर खान यांची. दुकानं, पार्किंग, त्यावर ऑफिसं, त्याहून वर घरं. ती वर निमुळती होते ती नुसती शोभेसाठी नाही. ऑफिसला खोल, पसरट मजला चालतो, घरातल्या खोल्यांना मात्र खिडकी हवी, म्हणून वरचे मजले लहान.

एरवीच्या इमारतीत हे भांडण कॉलमवर येतं. पार्किंगमध्ये दोन कॉलमांमध्ये गाड्या मावायला हव्यात, दुकानदाराला मधे कॉलमच नको, आणि वरच्या फ्लॅटच्या भिंती तीन-चार मीटरवर. मग मधे एक ट्रान्सफर मजला घालून जाडजूड बीमांवर वरचा भार वळवावा लागतो. बाथरूमचे पाइपही तिथेच आडवे फिरवतात, नाहीतर ते दुकानाच्या ऐन मधोमध उतरतील. या कामात नव्याने येणाऱ्याच्या हाती दर्शनी भाग सहसा लागतच नाही. त्याची सुरुवातीची वर्षं लिफ्टचा कोअर (इमारतीतला उभा गाभा), जिने आणि हे पाइप जुळवण्यात जातात.