शेअर परवानगी व एनटीएफएस परवानगी

विंडोज सर्व्हरवरचे एखादे फोल्डर नेटवर्कवर खुले केले की त्यावर दोन स्वतंत्र परवानग्या लागू होतात. फोल्डर शेअर करताना दिलेली ती शेअर परवानगी. डिस्कवरची एनटीएफएस फाइलप्रणाली प्रत्येक फाइलीसाठी व फोल्डरसाठी नोंदवते ती एनटीएफएस परवानगी. पहिली केवळ नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू होते, दुसरी त्या संगणकासमोर बसलेल्यालाही. रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर लॉगिन करून थेट डी ड्राइव्ह उघडणारा या दृष्टीने स्थानिकच ठरतो. शेअर परवानगी त्याला आडवी येत नाही.

उगम : शेअर परवानगीचे मूळ पीसींच्या सुरुवातीच्या नेटवर्कमध्ये आहे. तिला आधारभूत असलेला एसएमबी हा नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याचा प्रोटोकॉल आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी आखला. सालाबाबत एकवाक्यता नाही. बहुधा १९८३ दिले जाते, क्वचित त्यापुढचे एखाद-दुसरे वर्ष. आयबीएमचे पीसी नेटवर्क १९८४ मध्ये जाहीर झाले हे पाहता, १९८३ हे आराखड्याचे आणि नंतरची वर्षे प्रत्यक्ष वापराची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या काळच्या डॉसमधील फॅट फाइलप्रणालीत वापरकर्ता ही कल्पनाच नव्हती. फाइल ‘रीड-ओन्ली’ किंवा ‘हिडन’ करता येई, पण कोणासाठी, हे सांगता येत नसे. म्हणून अटकाव करायचा तर तो नेटवर्कवरच करावा लागे. विंडोज ९५ व ९८ मध्येही शेअरला नुसता पासवर्ड देता येई : वाचण्यापुरता एक, पूर्ण मुभेसाठी दुसरा.

एनटीएफएस परवानगीचे कूळ वेगळे. फाइलीगणिक परवानग्यांची यादी ठेवण्याची कल्पना मल्टिक्स या जुन्या कार्यप्रणालीच्या फाइलप्रणालीवरील डेली व न्यूमन यांच्या १९६५ च्या निबंधात आढळते. तेथून ती १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पर्यंत कशी पोहोचली, याच्या दोन वाटा संभवतात. एक डीईसी कंपनीच्या व्हीएमएस या कार्यप्रणालीतून. त्या प्रणालीचे एक प्रमुख शिल्पकार डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले. दुसरी मायक्रोसॉफ्टच्या लॅन मॅनेजर या नेटवर्क सॉफ्टवेअरमधून. त्याच्या एचपीएफएस३८६ फाइलप्रणालीतही अशा याद्या होत्या. एनटीच्या एकंदर घडणीशी पहिली वाट अधिक जुळते.

कार्यपद्धती : शेअर परवानगीच्या पायऱ्या तीनच : रीड (वाचणे), चेंज (वाचणे व बदलणे), फुल कंट्रोल (परवानग्या बदलण्यासह सर्व काही). एनटीएफएसमध्ये मॉडिफाय, राइट, रीड अँड एक्झिक्यूट इत्यादी अनेक असून त्यांचेही पोटभाग पडतात. नेटवर्कवरून येताना आधी शेअरची तपासणी होते, मग फाइल उघडताना एनटीएफएसची. वापरकर्ता अनेक ग्रुपमध्ये असल्यास त्या त्या बाजूला त्याच्या परवानग्यांची बेरीज होते. मग दोन बेरजांपैकी जी अधिक कडक ती चालते. उदाहरणार्थ, ‘हिशेब’ फोल्डरवर ‘लेखा’ ग्रुपला एनटीएफएसची मॉडिफाय परवानगी आहे, पण शेअरवर एव्हरीवनला, म्हणजे सर्वांना, फक्त रीड आहे. कारकुनाला आपल्या टेबलावरून एक्सेलची फाइल उघडता येईल, सेव्ह मात्र होणार नाही. तीच फाइल सर्व्हरवर बसून विनासायास सेव्ह होईल. विंडोज २००० मध्ये नव्या शेअरला आपोआप एव्हरीवन-फुल कंट्रोल मिळे, सर्व्हर २००३ पासून एव्हरीवन-रीड. त्यामुळे ही तक्रार पुढे वारंवार येऊ लागली.

‘डिनाय (नकार) नेहमी वरचढ’ हा प्रचलित नियम एनटीएफएसबाबत अपुरा आहे. यादीत थेट दिलेले नकार आधी, मग थेट होकार, त्यानंतर वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेले नकार व शेवटी वारशाचे होकार असा क्रम असतो. यादी वरून खाली तपासली जात असल्याने थेट दिलेला होकार वारशाच्या नकारावर मात करतो.

दोन्ही परवानग्या कोठे साठवल्या जातात, हा भेद मूलभूत आहे. शेअर परवानगी त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत), शेअर पुरवणाऱ्या लॅनमॅनसर्व्हर सेवेच्या नोंदींखाली असते, एनटीएफएसची डिस्कवरच. डिस्क काढून दुसऱ्या सर्व्हरला जोडली तर फाइलींच्या परवानग्या सोबत जातात, शेअर मात्र नव्याने करावे लागते. उलटपक्षी फॅट३२ ड्राइव्हवरील शेअरला एकट्या शेअर परवानगीचाच आधार असतो.

वापर : शेअरवर सर्वांना फुल कंट्रोल देऊन सगळे नियंत्रण एनटीएफएसवर सोपवावे, असा एक प्रघात आहे. दोन्हीकडे बारीक नियम लावण्यापेक्षा तो बरा, कारण चूक शोधायला एकच यादी पाहावी लागते. तथापि फाइलीच्या मालकाला तिच्या परवानग्या बदलण्याचा अंगभूत हक्क असतो आणि शेअरवर फुल कंट्रोल असल्यास तो नेटवर्कवरूनही बजावता येतो. चेंज दिल्यास ही वाट बंद होते व रोजचे काम अडत नाही. म्हणून सर्वसाधारण वापरासाठी चेंज अधिक इष्ट.

इतर प्रणाली : लिनक्सवरून एसएमबी शेअर पुरवणाऱ्या साम्बा या सॉफ्टवेअरमध्ये शेअर ‘रीड ओन्ली’ असल्यास युनिक्सची परवानगी असूनही लिहिता येत नाही. एनएफएस या युनिक्सच्या फाइल-शेअर पद्धतीत रूट-स्क्वॅश या तरतुदीमुळे दूरच्या यंत्रावरील रूटला (सर्वाधिकारी वापरकर्त्याला) सर्व्हरवर सामान्य वापरकर्ता मानले जाते. शेअरगणिक पासवर्डची जुनी पद्धत साम्बाने ४.० आवृत्तीत काढून टाकली.