रेटरिक वेगळं, सॉफिस्ट्री वेगळी

निवडणुका आल्या की चर्चेच्या कार्यक्रमांत कुणीतरी हमखास म्हणतं, 'हे सगळं नुसतं रेटरिक आहे.' म्हणणाऱ्याला सुचवायचं असतं की समोरचा लबाडी करतोय. मग सरळ सॉफिस्ट्री, म्हणजे फसवा युक्तिवाद, म्हणा की!

रेटरिक म्हणजे काय, हे वक्तृत्व स्पर्धा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला समजावायला नको. ग्रीक 'ऱ्हेटोर' म्हणजे सभेत बोलणारा, आणि त्याची विद्या ती रेटरिक. 'सॉफिस्ट'च्या मुळाशी 'सोफोस', म्हणजे शहाणा. सॉफिस्ट म्हणजे प्राचीन ग्रीसमधले फी घेऊन शिकवणारे गुरुजी. त्यांना प्लेटोनं असं धारेवर धरलं की शब्दाचीही रया गेली. व्युत्पत्ती एवढी पुरे.

खरी गल्लत पुढेच होते. भावनेला हात घातला, शब्द सजवले की लोकांना ती सॉफिस्ट्री वाटते. कोरडं, पायरीपायरीनं मांडलं की प्रामाणिक. साफ चूक. प्लेटोच्या 'युथिडेमस' संवादातला हा मासला बघा. हा कुत्रा तुझा ना? हो. त्याला पिल्लं आहेत ना? आहेत. म्हणजे तो बाप झाला. बाप आहे आणि तुझा आहे, म्हणजे तुझा बाप! अलंकार नाही, गहिवर नाही, दर पायरीला होकार घेतलेला. तरी ही अस्सल सॉफिस्ट्री, कारण 'तुझा' आधी मालकीचा होता, शेवटी गुपचूप नात्याचा झाला. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, याला वाक्छल म्हणतात. संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही. 'देवदत्त नवकंबल आहे' म्हटलं की छल करणारा विचारतो, याच्याकडे नऊ घोंगड्या कुठायत?

आता ॲरिस्टॉटलचं उदाहरण घ्या. डोरियसला मुकुट मिळाला हे पटवायचं तर 'तो ऑलिंपिक जिंकला' एवढं बास. तिथलं बक्षीस मुकुट असतं, हे सगळ्यांना ठाऊक. इथे एक पायरी चक्क गाळलेली आहे, पण ती श्रोता स्वतःच भरून काढतो आणि भरली की युक्तिवाद भक्कम उभा राहतो. हे रेटरिक. तोच म्हणतो, सॉफिस्ट ठरतो तो कौशल्यानं नव्हे, हेतूनं.

इंग्रजी कोशांत रेटरिकचा 'पोकळ भाषण' असाही अर्थ आहे, मान्य. मी तो वापरत नाही. पोकळ भाषणाला मराठीत 'शब्दांचे बुडबुडे' आहेत, तेवढे पुरतात.