ओमान : जमिनीवर चढून आलेला समुद्रतळ

क्षेत्रफळाने ओमान हा देश जवळजवळ महाराष्ट्राएवढा आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, आणि ओमानचे त्याहून किंचित जास्त, सुमारे ३,०९,५०० चौरस किलोमीटर. लोकसंख्या मात्र पन्नास लाखांच्या आसपास, आणि तीतही चाळीस टक्क्यांहून अधिक लोक कामधंद्यासाठी बाहेरून आलेले. अरबस्तान म्हटले की वाळू, उंट आणि तेलविहिरी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. ओमानमध्ये या तिन्ही गोष्टी आहेत, परंतु या देशाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर तेल थोडा वेळ बाजूला ठेवून त्याच्या दगडापासून सुरुवात करणे अधिक उपयोगाचे ठरते.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्हारसाचा आहे. ओमानच्या उत्तरेला समुद्राला समांतर पसरलेल्या हजर पर्वतातही काळपट, तपकिरी, ओसाड दिसणारे डोंगर आहेत, पण त्यांचा जन्म जमिनीवर झालेला नाही. ते सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या, आता नाहीशा झालेल्या महासागराच्या तळाशी तयार झाले. भूपट्टांच्या टकरीत सहसा जड असलेला समुद्रतळ खंडाखाली जातो. इथे उलटे घडले. अरबी भूपट्टाची कड समुद्रतळाखाली ओढली गेली, आणि ती हलकी असल्यामुळे फार खोल न जाता, पाठीवर समुद्रतळाचा एक प्रचंड तुकडा घेऊन पुन्हा वर उसळली. सुमाइल ओफिओलाइट या नावाने ओळखला जाणारा हा तुकडा सुमारे पाचशे किलोमीटर लांब आहे आणि जगातल्या अशा सर्व तुकड्यांत तो सर्वांत मोठा आणि सर्वांत चांगला टिकलेला मानला जातो.

भूवैज्ञानिकांना या डोंगरांचे एवढे अप्रूप का, हे सांगण्यासाठी एक जुनी हकीकत पुरेशी आहे. महासागराच्या तळाचे कवच सहा-सात किलोमीटर जाड असते आणि त्याखाली प्रावरण सुरू होते. या दोहोंमधली सीमा, जिला मोहो सीमा म्हणतात, प्रत्यक्ष गाठावी म्हणून अमेरिकेने प्रशांत महासागरात जहाजावरून छिद्र पाडण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला आणि खर्च आवाक्याबाहेर गेल्यावर १९६६ साली तो गुंडाळला. ओमानमध्ये तीच सीमा उघड्या डोंगरकड्यावर दिसते. पाण्याखाली थिजताना उशांसारखे गोल झालेले लाव्हाचे गोळे, त्यांच्याखाली पत्त्यांच्या जुडीसारख्या उभ्या चिकटलेल्या दगडी भिंती, त्याखाली गॅब्रो आणि सर्वांत खाली पेरिडोटाइट हा प्रावरणाचा खडक, असा सगळा क्रम इथे एखाद्या वादीतून, म्हणजे कोरड्या नदीपात्रातून, चालत जाताना पाहता येतो. झाडझाडोरा आणि माती नसल्यामुळे काहीच झाकलेले नाही. शेतकऱ्याचे दुर्दैव असे हे भूवैज्ञानिकाचे भाग्य आहे.

या समुद्रतळाने ओमानला पहिली संपत्ती दिली ती तांब्याची. महासागराच्या तळावरील उष्ण झरे खडकातले धातू विरघळवून वर आणतात, आणि थंड पाण्याशी गाठ पडली की तांब्याची व लोखंडाची सल्फाइडे तिथेच साचतात. असे साठे लाव्हाच्या गोळ्यांबरोबर जमिनीवर आले. मेसोपोटेमियाच्या मातीच्या विटांवर मगन नावाच्या ज्या देशाचा तांब्यासाठी उल्लेख येतो तो म्हणजे ओमान आणि त्याच्या शेजारचा भाग, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स.पू. २३००च्या सुमारास मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन याने आपल्या धक्क्याला मेलुहा, मगन आणि दिलमुन (आजच्या बहरीनचा परिसर) येथील जहाजे लागतात अशी फुशारकी मारली होती. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश हे मत आता रूढ झाले आहे. ओमानच्या पूर्व टोकाला रस अल-जिन्झ येथील उत्खननात हडप्पा पद्धतीची मातीची भांडी आणि जहाजांना आतबाहेर लावलेल्या डांबराचे तुकडे सापडले, त्यामुळे या व्यापाराला केवळ लेखांचाच नव्हे, तर वस्तूंचाही पुरावा आहे. पुढे नवव्या-दहाव्या शतकांत सोहार बंदराच्या मागच्या डोंगरांत पुन्हा मोठ्या प्रमाणावर तांबे गाळले गेले. त्या भट्ट्यांच्या मळीचे काळे ढीग तिथे अजून आहेत.

दुसरी गोष्ट पाण्याची. हजर पर्वताचा मधला उंच भाग, म्हणजे जबल अख्दर आणि सुमारे तीन हजार मीटर उंचीचे जबल शम्स शिखर, चुनखडीचा आहे. थोडाफार जो पाऊस पडतो तो या चुनखडीच्या भेगांत मुरतो आणि पायथ्याशी, जिथे तिची गाठ समुद्रतळाच्या घट्ट खडकाशी पडते तिथे, झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो किंवा वादीच्या गाळात साठून राहतो. नखल आणि रुस्ताकचे गरम पाण्याचे झरे याच पट्ट्यात आहेत. हे भूजल वर आणण्यासाठी ओमानी लोकांनी इथे पंपावर किंवा मोटेवर भर न देता उताराचा उपयोग केला. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल ‘मातृविहीर’ खणायची, तिच्या तळापासून जेमतेम उतार ठेवून जमिनीखालून बोगदा काढायचा, आणि काही किलोमीटर अंतरावर पाणी आपोआप जमिनीवर आणायचे, या व्यवस्थेला फलज म्हणतात. असे सुमारे तीन हजार फलज आजही वाहते आहेत आणि त्यांपैकी पाच २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत घेतले गेले. बोगद्याच्या फलजला दाऊदी म्हणतात, कारण दाऊदपुत्र सुलेमानाने जिनांकडून दहा दिवसांत दहा हजार कालवे खणवून घेतले अशी आख्यायिका आहे.

फलजच्या बोगद्याहूनही त्याच्या पाणीवाटपाकडे अधिक लक्ष द्यावेसे वाटते. पाणी गावात शिरताना प्रथम पिण्यासाठी, मग मशिदीसाठी व अंघोळीसाठी, मग खजुराच्या बागांना आणि शेवटी हंगामी पिकांना मिळते. शेतीचा वाटा जमिनीच्या मापाने नव्हे, तर वेळेच्या मापाने ठरतो. अर्ध्या तासाच्या पाळीला अथर म्हणतात, आणि ती पाळी दिवसा काठीच्या सावलीवरून व रात्री ठरावीक ताऱ्यांच्या उदयावरून मोजण्याची रीत होती. अवर्षणात म्हणूनच कुणाचे पाणी तुटत नाही, सगळ्यांचेच सारख्या प्रमाणात घटते. धुळे-नाशिककडच्या फड या सामाईक सिंचन पद्धतीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर मलिक अंबरने सतराव्या शतकात औरंगाबादेत बांधलेली नहर-ए-अंबरी याच कुळातली आहे.

उत्तर ओमान दगडाने घडवला, तर दक्षिणेकडचा धोफार प्रांत वाऱ्याने घडवला. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे ढकलले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी वर येते. ऐन उन्हाळ्यात समुद्र थंड होतो, त्यावरून जाणारी दमट हवा गार होऊन तिचे धुके बनते. त्याच वेळी तिच्या माथ्यावर रिकाम्या वाळवंटाची तापलेली कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते, त्यामुळे ढग उंच चढू शकत नाहीत आणि मुसळधार पावसाऐवजी केवळ बुरबुर होते. सलाला या धोफारच्या मुख्य शहराच्या मागचे डोंगर या धुक्यात तीन महिने बुडून जातात, पाने आणि फांद्या धुक्यातले बाष्प गाळून जमिनीवर थेंब टाकतात, आणि वाळवंटाच्या कडेला नारळ, केळी व पपईच्या बागा उभ्या राहतात. हाच मोसमी प्रवाह पुढे सह्याद्रीवर आदळून कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पाडतो, तर सलालात वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो. या ऋतूला तिथे खरीफ म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थ शरद ऋतू, आणि आपल्या शेतकऱ्याचा ‘खरीप’ तोच.

धुके अडवणाऱ्या डोंगरांच्या पलीकडे, जिथे ओलावा पोहोचतो न पोहोचतो, तिथे ऊदाची झाडे वाढतात. सातपुड्यातल्या आपल्या सालईची ही सख्खी बहीण, दोघी एकाच प्रजातीसमूहातल्या. सालीवर चरे पाडले की पांढरट चीक ओघळतो, वाळून त्याचे खडे होतात, आणि तो ‘लुबान’ रोमपासून भारतापर्यंत देवापुढे जळत असे. सलालाजवळच्या खोर रोरी येथील सुम्हुरम हे त्याच्या निर्यातीचे प्राचीन बंदर होते.

दगड आणि वारा यांनी राजकारणही ठरवले. मस्कतचे बंदर सुरक्षित आहे, कारण समुद्रतळाचेच काळे सुळके त्याला चहूबाजूंनी वेढून आहेत, परंतु त्याच सुळक्यांमुळे त्याच्या मागे शेतीला जागा नाही. त्यामुळे किनाऱ्यावरचा सुलतान समुद्राकडे पाहत राहिला आणि डोंगरापलीकडच्या निझवा परिसरातले इस्लामच्या इबादी पंथाचे लोक आपला इमाम स्वतः निवडत राहिले. या दुभंगाची खूण देशाच्या नावातही होती, कारण १९७०पर्यंत अधिकृत नाव ‘मस्कत आणि ओमान’ असेच होते. पोर्तुगीजांनी १५०७ साली मस्कत घेतले. १६५० मध्ये यारुबी घराण्यातल्या इमामाने त्यांना हुसकावले आणि त्यांचीच जहाजे व तंत्र वापरून ओमानी आरमार दीवपासून मोम्बासापर्यंत त्यांच्या मागे लागले. मोम्बासाचा किल्ला १६९८ मध्ये पडला. एकोणिसाव्या शतकात सय्यद सईद बिन सुलतान याने आपली राजधानी थेट झांझिबारला नेली आणि तिथे लवंगांच्या बागा वाढवल्या. त्याची मोठी जहाजे मुंबईच्या गोदीत सागवानाची बांधलेली होती. त्यांतले ‘लिव्हरपूल’ हे ७४ तोफांचे जहाज त्याने पुढे इंग्लंडच्या राजाला भेट दिले. १८५६ साली तो वारल्यावर मुलांत भांडण झाले, आणि १८६१ मध्ये भारताचा व्हाइसरॉय कॅनिंग याने निवाडा देऊन झांझिबार व मस्कत ही दोन वेगळी राज्ये ठरवली. झांझिबारचे उत्पन्न गेले, वाफेच्या जहाजांनी शिडांचा धंदा बुडवला, आणि ओमान शंभर वर्षे मागे पडला. या शंभर वर्षांत व्यवहार रुपयांत चालत. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाचे रुपये काढले, ते ओमानमध्ये १९७०पर्यंत चालले, आणि आजही रियालच्या हजाराव्या भागाला तिथे बैसा, म्हणजे आपला पैसाच, म्हणतात.

आता तेल. फहूद येथे पहिली विहीर १९५६-५७ मध्ये खणली गेली आणि ती कोरडी निघाली. तेल शोधणाऱ्या कंपनीतले बहुतेक भागीदार निघून गेल्यावर १९६४ साली तिच्यापासून काहीशे मीटरवर दुसऱ्या विहिरीत तेल लागले. निर्यात १९६७ मध्ये सुरू झाली, पण जुन्या विचारांचा सुलतान सईद बिन तैमूर पैसा खर्च करीना. १९७० मध्ये त्याचा मुलगा काबूस याने ब्रिटिशांच्या मदतीने त्याला दूर केले तेव्हा देशात सुमारे दहा किलोमीटर डांबरी रस्ता आणि तीन शाळा होत्या. काबूसच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत झालेला कायापालट तेलाच्या पैशावर झाला हे खरेच, तथापि ओमानचे तेल सौदीच्या तेलासारखे सोपे नाही. दक्षिणेकडच्या तेलाचा काही भाग पन्नास-पंचावन्न कोटी वर्षांहून जुन्या गाळातून आलेला आहे, म्हणजे जमिनीवर झाडे उगवण्यापूर्वीचा. साठे लहान व विखुरलेले आहेत आणि अनेक ठिकाणी तेल काकवीसारखे घट्ट आहे. ते पातळ करण्यासाठी मुखैझना येथे जमिनीत वाफ सोडतात, तर अमल येथे त्या वाफेचा काही भाग काचगृहातल्या आरशांनी सूर्याच्या उष्णतेवर बनवला जाऊ लागला. तेलाबरोबर कितीतरी पट खारे पाणी वर येते. ते निमर येथे वाळवंटात मुद्दाम वाढवलेल्या बोरूच्या बनातून सोडून शुद्ध केले जाते, आणि तिथे आता स्थलांतरित पक्षी उतरतात.

एवढ्या खटाटोपाने दिवसाला सुमारे दहा लाख पिंपे निघतात. ओमान ओपेकचा सभासद नाही आणि त्याचे साठे शेजाऱ्यांच्या मानाने थोडे आहेत, म्हणून तेलानंतरचा विचार त्याला इतरांच्या आधी करावा लागला. सलाला व दुक्म ही बंदरे होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर, खुल्या समुद्रावर आहेत. त्या सामुद्रधुनीचा दक्षिण काठ मात्र मुसंदम द्वीपकल्पाच्या रूपाने ओमानकडेच आहे. सूर येथे भारतीय सहकारी संस्थांच्या भागीदारीत युरियाचा कारखाना चालतो. २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालहून जास्त कमावणाऱ्यांवर पाच टक्के प्राप्तिकर लागणार आहे, आणि आखाती अरब देशांतला असा हा पहिलाच कर असेल.

यात सर्वांत अनपेक्षित आशा पुन्हा त्या जुन्या समुद्रतळाकडूनच आली आहे. पेरिडोटाइट हा खडक प्रावरणाच्या दाबात व उष्णतेत स्थिर असतो, हवापाण्यात तो अस्वस्थ होतो. पाण्याशी त्याची क्रिया होऊन सर्पेंटाइन हे खनिज बनते, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यातून त्याच्यापर्यंत पोहोचला तर त्याच्या मॅग्नेशियम व कॅल्शियमशी जोडला जाऊन कार्बोनेटचा घट्ट दगड होतो. काळ्या डोंगरांतल्या पांढऱ्या शिरा त्याच्याच. त्या कोट्यवधी वर्षांच्या असाव्यात असा समज होता, पण पीटर केलेमन आणि युर्ग माटर या भूवैज्ञानिकांनी २००८ मध्ये दाखवले की त्यांचे सरासरी वय सुमारे २६,००० वर्षेच आहे, म्हणजे ही क्रिया आजही चालू आहे. नैसर्गिक वेगाने ती वर्षाला दहा हजार ते एक लाख टन वायू दगडात बांधते. कार्बन डायऑक्साइडच्या रेणुभाराचे नाव घेतलेली ‘४४.०१’ ही ओमानी कंपनी पाण्यात विरघळवलेला वायू खडकात सोडून हा वेग वाढवू पाहते, आणि २०२२ साली तिला पर्यावरणविषयक कामासाठीचे अर्थशॉट पारितोषिक मिळाले. त्याच क्रियेत हायड्रोजनही सुटतो. तो इंधन म्हणून मिळवता येईल का, याचे प्रयोग सध्या चालू आहेत. त्यासाठी लागणारी रसायनशाळा काही वाद्यांत उघडीच आहे. तिथल्या निळसर डबक्यांचे पाणी चुन्याच्या निवळीएवढे अल्कधर्मी असते, तळातून बुडबुडे येत राहतात, आणि पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेटची पातळ साय धरलेली असते. काठीने मोडली तरी हवेतला वायू घेऊन ती पुन्हा धरते.