वाइड लेन्स घेताना: उजेड, कंपन आणि फोटोचा कोपरा

अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅशला बंदी, आणि ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा. उरतो अंधूक उजेड आणि हातातला कॅमेरा. अशा जागेसाठी वाइड झूम, म्हणजे रुंद दृश्य पकडणारी झूम लेन्स घ्यायला गेलं की दोन गोष्टींचे पैसे मोजावे लागतात: एफ/२.८ (लेन्समधल्या छिद्राचं, म्हणजे अ‍ॅपर्चरचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि स्थिरीकरण. दोन्ही ‘कमी उजेडासाठी’च, असं सांगून त्या एकाच माळेत ओवल्या जातात. कामं मात्र वेगळी आहेत.

एफ/४ ऐवजी एफ/२.८ वापरलं की सेन्सरवर दुप्पट उजेड पडतो, त्यामुळे शटर निम्म्या वेळात मिटतं. समोरचा माणूस हलत असेल तर उपयोग याचाच. स्थिरीकरण फक्त आपल्या हाताचं कंपन निस्तरतं. जायरो सेन्सर कॅमेऱ्याचं फिरणं मोजतो आणि लेन्समधला भिंगांचा एक गट त्यानुसार सरकतो. १६ मिमी फोकल लेंग्थला (हा आकडा लहान तितकं दृश्य रुंद) साधारण १/१५ सेकंदापर्यंत हात साथ देतो, हा जुना ठोकताळा. चार स्टॉपचं स्थिरीकरण (दर स्टॉपला वेळ दुप्पट) त्याला कागदोपत्री १ सेकंदावर नेतं. भिंतीवरचा पद्मपाणी तेवढा वेळ खुशाल थांबेल, लग्नातली करवली थांबायची नाही.

वाइड लेन्समध्ये आणखी एक मेख आहे. कॅमेरा किंचित वर-खाली झुकला की प्रतिमा सगळीकडे सारखी सरकत नाही. सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या लेन्समध्ये कडेची प्रतिमा मुळातच ताणलेली असते, म्हणून तिथलं सरकणंही मोठं. फुल फ्रेमवर, म्हणजे ३६×२४ मिमीच्या सेन्सरवर, १६ मिमीला कोपऱ्यातला बिंदू केंद्रापासून दूर जाण्याच्या दिशेने मधल्या बिंदूच्या जवळपास २.८ पट सरकू शकतो. भिंगांचा गट मात्र अख्खी प्रतिमा जवळजवळ एकाच मापाने मागे आणतो. मध्य सावरला तरी कोपरा थोडा फरफटतोच. जाहिरातीतले स्टॉप वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

२०१४ साली कॅननने १६-३५ एफ/४ स्थिरीकरणासह आणली, तर टॅमरॉनने १५-३० एफ/२.८ जाहीर केली. टॅमरॉनमध्ये दोन्ही गोष्टी होत्या, पण वजन १.१ किलो आणि पुढची काच इतकी फुगीर की साधा स्क्रू फिल्टर बसतच नाही. कॅननची २०१९ची आरएफ १५-३५ एफ/२.८ स्थिरीकरणासकट ८४० ग्रॅमची. सोनीच्या १६-३५ जीएम एफ/२.८मध्ये मात्र स्थिरीकरण नाही. ते काम कॅमेऱ्याच्या बॉडीतला हलता सेन्सर करतो. तेव्हा आधी आपली बॉडी कोणती ते बघा. आणि सेन्सरही: एपीएस-सी या लहान सेन्सरवर १६ मिमीची लेन्स साधारण २४ मिमीइतकंच दृश्य पकडते.

लेणी, देवळं, वाडे टिपणाऱ्याने स्थिरीकरण असलेली एफ/४ घ्यावी, पैसे आणि खांदा दोन्ही वाचतात. लग्नाची कामं करणाऱ्याने एफ/२.८च घ्यावी, स्थिरीकरण नसलं तरी चालेल.

दुकानात एकच फ्रेम त्याच अ‍ॅपर्चरला दोनदा काढा, एकदा १/२५० आणि एकदा १/४ सेकंदाला. आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) बदलला तरी हरकत नाही. मग कोपरे मोठे करून पाहा. दोन्हींत कोपरा मऊ असेल तर दोष बहुधा काचेचा, फक्त दुसऱ्यात असेल तर कंपनाचा.