निअर मिसची वही कोरी का राहते?

कारखान्यात निअर मिसची, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही असते. क्रेनचा हुक निसटला पण खाली कोणी नव्हतं, पत्रा साच्यात दाबणारा प्रेस आपोआप दुसऱ्यांदा पडला पण बोटं वाचली, असल्या घटना तीत लिहायच्या. बऱ्याच ठिकाणी ती महिनोन्‌महिने कोरी असते आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी एकाच पेनाने भरली जाते. कामगार आळशी असतात म्हणून हे होतं, असं मानायची सवय जुनी आहे.

१९३१ साली अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख यांनी मांडलं की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात. त्यांचा आधार होता विम्याचे दावे आणि कारखानदारांनी ठेवलेल्या नोंदी. नोंद साहेबाने लिहायची म्हटल्यावर दोष कुणाच्या माथी जाणार, हे सांगायला नको. पोस्टर, घोषणा आणि मेमो यांचा जमाना त्यातूनच फोफावला.

विमान वाहतुकीला वेगळा धडा मिळाला. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना डोंगरावर आदळलं आणि ९२ जण गेले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ लावण्यात वैमानिकांचा घोळ झाला होता. नेमका हाच घोळ सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांकडून त्याच ठिकाणी झाला होता आणि ते थोडक्यात बचावले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं, बाहेर मात्र कुणाला कळलं नाही.

मग १९७५ मध्ये तिथल्या विमान वाहतूक नियामकाने चुका कळवण्याची योजना काढली. ती चालेना. लायसन्स काढून घेणाऱ्याच्याच हाती कबुलीजबाब कोण देईल? १९७६ पासून चुका कळवण्याचे अर्ज नासाकडे जाऊ लागले, तिच्या हाती कुणाचं लायसन्स नव्हतं. अर्जावर नाव-पत्त्याची एक पट्टी असते. काही विचारायचं असेल तर तज्ज्ञ फोन करतात, मग ती पट्टी कापून, तारखेचा शिक्का मारून लिहिणाऱ्याला परत पाठवतात. दहा दिवसांत कळवलेलं असेल आणि नियमभंग जाणूनबुजून केलेला नसेल, तर ही पट्टी दाखवून दंड टळू शकतो. गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात यांना ही सवलत नाही. भरवशाचं सगळं काम त्या कापलेल्या पट्टीने केलं, भाषणांनी नव्हे.

१९८० मध्ये संशोधक डोव्ह झोहार यांनी इस्राएलमधले २० कारखाने तपासले. व्यवस्थापनाला सुरक्षेची खरंच किती पडली आहे, याबद्दल कामगारांचं मत काय, हे त्यांनी मोजलं. १९९६ मध्ये संशोधक एमी एडमंडसन यांचा रुग्णालयांतल्या औषधचुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त निघाली. तिथल्या परिचारिका बोलत होत्या; जिथे वरिष्ठ झापायचे तिथे चुका दडपल्या जात. म्हणून शून्य निअर मिसचा फलक पाहिला की आम्हाला आधी शंका येते.

शॉप फ्लोअरवर हे पॉवर प्रेसवर दिसतं. दोन्ही हात साच्याबाहेर राहावेत म्हणून दोन बटणं एकदम दाबायची असतात. टार्गेट गाठायला एक बटण पाचर मारून दाबून ठेवतात, म्हणजे मोकळ्या हाताने माल सरकवता येतो. सुपरवायझर पाहतो आणि पुढे जातो. त्या क्षणी ऑपरेटरला खरा नियम कळतो. पुढे सेन्सर बिघडला तरी तो सांगणार नाही, कारण पहिला प्रश्न पाचरेचा येईल.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-ग आणि ४१-ह आली. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत सुरक्षा समितीवर कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान ठरले. जिवाला धोका दिसला तर व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवायचा हक्क कामगाराला मिळाला. व्यवस्थापनाला धोका मान्य नसेल, तर निर्णय निरीक्षकाचा, असं ठरलं. कायम कामगाराच्या पाठीशी निदान युनियन असते. कंत्राटी हेल्परचा गेटपास मात्र ठेकेदाराच्या हातात असतो, आणि उद्या त्याला आत घ्यायचं की नाही हे मुकादम ठरवतो.