तगडा कन्सोलच (गेम खेळायचं मशीन) जिंकतो का? विक्रीचे आकडे बघा

"ज्याचं हार्डवेअर तगडं तोच कन्सोल मार्केट मारतो" हे कित्येक वर्षं फॉरवर्ड होतंय, आणि तसं वाटणं साहजिकच आहे, बॉक्सवर तेच आकडे मोठे छापतात ना.

पण १९८९ चा गेम बॉय घ्या, निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, हिरवट स्क्रीन, चारच छटा, आतून लाइट नाही. पुढच्याच वर्षी जपानमध्ये त्याला टक्कर द्यायला सेगाचा गेम गिअर आला, रंगीत, बॅकलाइटवाला, दिसायला लय भारी, पण त्यात सहा पेन्सिल सेल टाकायचे आणि तीन ते पाच तासांत ते संपायचे, गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या वर जायचा. पोराच्या सेलचा खर्च आईबापच करणार ना! गेम गिअर साधारण १ कोटी खपला, गेम बॉय, नंतरचं त्याचं रंगीत मॉडेल गेम बॉय कलर धरून, ११ कोटींवर.

२००६ चा निन्टेंडोचा वी (Wii) तर एचडी पण नव्हता, तरी १० कोटींच्या वर खपला, त्याच पिढीतले प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० दोन्ही ९ कोटींच्या आत.

उलटं, म्हणजे कमजोर कन्सोलच जिंकतो, हेही खरं नाही हां, प्लेस्टेशन ४ एक्सबॉक्स वनपेक्षा पॉवरफुल होता आणि खपलाही जास्त. किंमत, गेम्स, मित्रांकडे काय आहे, सगळंच चालतं.

स्वतः तपासायचं तर एकाच पिढीचे (साधारण एकाच काळात आलेले) कन्सोल घ्या, स्पेक्स आणि एकूण विक्री शेजारी लिहा, बऱ्याच मशीनची विक्री बनवणाऱ्यांनीच गुंतवणूकदारांसाठीच्या पानांवर दिलेली असते.