काळा पडदा (संगणक)

संगणक सुरू केल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही, अशा बिघाडास ही संज्ञा लावतात. नाशिकच्या दुरुस्तीच्या दुकानांत त्यालाच ‘डिस्प्ले येत नाही’ किंवा नुसते ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. काळा पडदा हे लक्षण आहे. त्यामागे सैल बसलेल्या रॅमपासून (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) बिघडलेल्या ड्रायव्हरपर्यंत (एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) अनेक कारणे असतात आणि बहुतेक वेळा डिस्कवरील माहिती शाबूत असते. म्हणूनच अंधार कोणत्या टप्प्यावर पडला हे न पाहता ‘फॉरमॅट मारून घ्या’, म्हणजे डिस्क पुसून टाका, असा सल्ला देणे प्रस्तुत लेखकास गैर वाटते.

संज्ञांचा उगम : संगणक ‘बूट होणे’, म्हणजे सुरू होणे, हा शब्दप्रयोग बुटाच्या मागे असलेल्या कातडी पट्ट्यावरून, म्हणजे ‘बूटस्ट्रॅप’वरून आला, याविषयी एकमत आहे. ही प्रतिमा कोठून आली, याविषयी नाही. बॅरन मुन्चहाउझेन या थापाड्या सरदाराच्या जर्मन कथांकडे अनेकजण बोट दाखवतात. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरच्या त्या कथेत बॅरन दलदलीतून स्वतःला बाहेर काढतो तो केसांना धरून, बुटाच्या पट्ट्याला धरून नव्हे. पट्ट्याने स्वतःला उचलण्याची कल्पना १८३४ च्या सुमारास अमेरिकी वृत्तपत्रांत आढळते, तीही अशक्य गोष्टीची थट्टा म्हणून. हा दुसरा उगम अधिक ग्राह्य वाटतो. संगणकशास्त्रात शब्द आला तो बहुधा १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. आयबीएम ७०१ या यंत्रात एक कळ दाबली की कार्डावरील थोडक्या आज्ञा स्मृतीत येत आणि त्या आज्ञाच पुढच्या आज्ञा ओढून घेत. १९५३ च्या लिखाणात या पद्धतीला ‘बूटस्ट्रॅप’ म्हटलेले आहे.

‘ब्लॅक स्क्रीन ऑफ डेथ’ हे नाव विंडोज ३ च्या काळातले, म्हणजे साधारण १९९० नंतरचे. पुढे विंडोज कोलमडल्यावर दिसणाऱ्या निळ्या पडद्याने त्याला झाकोळले. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधील निळा पडदा काळा करण्याचे जाहीर केल्याने आता घोटाळा होतो: अक्षरे असलेला काळा पडदा हा प्रणालीने दिलेला निरोप असतो, तर या नोंदीचा विषय असलेल्या पडद्यावर निरोपच नसतो.

सुरू होण्याचा क्रम : कळ दाबल्यावर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आधी आपली व्होल्टेज स्थिर करतो आणि १०० ते ५०० मिलिसेकंदांनी ‘पॉवर गुड’ हा संकेत देतो. तोवर प्रोसेसर रोखून धरलेला असतो. सुटल्यावर तो ठरावीक पत्त्यावरची आज्ञा वाचतो. ८०८६ मध्ये हा पत्ता एक मेगाबाइटच्या टोकापासून १६ बाइट अलीकडे होता. तेथे बायोस, म्हणजे मदरबोर्डावरील (संगणकाच्या मुख्य फळीवरील) सुरुवातीचा प्रोग्राम, भेटते. हे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या जुन्या कार्यप्रणालीतून, १९७५ च्या आसपास, आले आणि ऑगस्ट १९८१ मधील आयबीएम पीसीमुळे रूढ झाले. तिची जागा घेणाऱ्या यूईएफआयचा मंच २००५ मध्ये स्थापन झाला. बायोस प्रथम स्वयंचाचणी करते. या वेळी चित्र दाखवणारा भागच जागा झालेला नसल्याने दोष सांगायला आवाज वापरतात: अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सचा दोष, एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब व तीन आखूड म्हणजे स्मृतीचा. नव्या मदरबोर्डांवर बीपऐवजी छोटे दिवे असतात. डीडीआर५ रॅम नवीन बसवल्यावर पहिल्यांदा काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. तो बिघाड नव्हे. घाईने वीज तोडू नये.

रॅमची सफाई : नाशकात पावसाळ्यातली ओल आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली बारीक धूळ, दोन्ही संपर्कबिंदूंवर बसतात. म्हणून कारागीर पहिला हात रॅमलाच घालतो. तो वायर काढतो, उरलेली वीज निघून जावी म्हणून सुरू करण्याची कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो, हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावतो आणि क्लिपा मोकळ्या करून पट्टी कडांना धरून बाहेर काढतो. डीडीआर४ च्या पट्टीवर दोन्ही बाजू मिळून २८८ सोनेरी बिंदू असतात. शाळेतल्या मुलांचे पांढरे खोडरबर त्यांवरून हलक्या हाताने, आतून कडेकडे फिरवले की रबराचा भुगा काळसर होतो. शाईचे खरखरीत रबर वापरू नये, सोन्याचा पातळ मुलामा निघतो. भुगा ब्रशने झाडून पट्टी दाबायची, क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून पाहतात, मग दुसरी. तरीही काही नाही, तर सीआर२०३२ चा तीन व्होल्टचा सेल काही मिनिटे काढून बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणतात. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावलेली असणे, हे कारणही वाटते त्यापेक्षा वरचेवर सापडते. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरांत घातक भार उरतो.

लॅपटॉपच्या पडद्यावर विजेरीचा झोत तिरका टाकून अंधुक चित्र दिसले, तर दोष मागच्या उजेडाचा असतो.

प्रणाली सुरू झाल्यानंतरचा अंधार : कंपनीचे चिन्ह दिसून मग पडदा काळा झाला, तर सामग्री बहुधा ठीक असते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. माउसचा नुसता बाण दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा व त्यातून एक्सप्लोरर चालवून पाहावा. तेही न जमल्यास सुरू होताना दोन-तीनदा कळ दाबून धरून बंद केले की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर येते. तेथून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन संगणक पुन्हा सुरू केला की ४ दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी आवश्यक तेवढ्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाता येते आणि शेवटचा ड्रायव्हर काढता येतो. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या सांकेतिक कुलुपाने) बंद असेल तर ४८ अंकी किल्ली हाताशी हवी. लिनक्समध्ये बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा शब्द लिहून पाहतात.

माहितीचे जतन : दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष हंगामात निर्यातीच्या बागांची नोंद ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर असते, त्यामुळे संगणक बंद पडला तरी ती हाती लागते. छापखान्यांचे तसे नाही. तेथे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत एकाच डिस्कवर पडून असतात. फाइली वाचवून फॉन्ट गेले, तर हाती नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड येते. म्हणून मशीन सुरू होईना तर डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालावी, दुसऱ्या संगणकाला जोडावी, फाइलींबरोबर फॉन्टांचा फोल्डरही उतरवून घ्यावा. एखादी पत्रिका उघडून त्यातले ‘श्री’ आणि ‘ऱ्या’ नीट उमटतात का ते पाहावे, आणि मगच मूळ डिस्क पुसायला द्यावी.